गालावरचे वण

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन करून घरी आले, चपला काढल्या आणि फोन बघितला, तर घरच्या ग्रुपवर चुलतभावानं आज्जांचा फोटो टाकलेला. रंगीत. आज्जांचा रंगीत फोटो कधी निघालाच नाही. १९८४ साली ते गेले तेव्हा आमच्या गावात रंगीत फोटो फक्त लग्नात काढत, तेही पैसेवाल्यांच्या. मूळ फोटो तीन जवानांचा आणि कृष्णधवल. त्यातले डावीकडे उभे असलेले आज्जा तेवढे कापून घेऊन भावानं कुठल्याशा ॲपमधून काढले होते. गणवेश हिरवट खाकी, ओठ गुलाबी, डोळ्यांत चमक, मागच्या पडद्याच्या जागी निळं आभाळ. खाली तिरंग्याची पट्टी आणि तीवर ठळक अक्षरांत, ‘मराठवाडा मुक्तिसंग्रामातील थोर स्वातंत्र्यसैनिक’. धडाधड अंगठे पडले, जोडलेले हात पडले, पुण्याच्या आतेबहिणीनं फुलं वाहिली. मीही सवयीनं हात जोडून मोकळी झाले.

दुपारी आत्याकडे गेले. आत्या म्हणजे आज्जांचं पहिलं लेकरू, ते लढाईवरून आल्यावर जन्मलेलं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघालेत, त्यामुळं तिला आता माझ्यापेक्षा बरं दिसतं. मी कौतुकानं फोन पुढं केला. तिनं तो आधी लांब धरला, मग नाकाजवळ आणला, मग माझ्याकडं बघितलं.

“ह्यो कोण गं?”

“अण्णा की. तुझे वडील.”

“हट्. कुण्या नाटकातला हाय ह्यो. अण्णाच्या गालावर वण होते देवीचे. ह्याचा गाल बघ की, लोण्यागत.”

आणि फोन परत देऊन ती शेंगा फोडायला लागली.

मला कसंतरीच झालं. कारण ते वण मला आत्यापेक्षाही नीट माहीत होते. आज्जा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. उन्हाळ्यात ते माळवदावर बाजेवर पडायचे आणि मी शेजारी पडून त्यांच्या डाव्या गालावरचे खड्डे बोटानं मोजायची. ज्वारीचा दाणा बसेल एवढाले. कधी सतरा भरायचे, कधी एकोणीस, कारण कानाच्या पाळीपाशी दोन असे होते की ते वण धरायचे की सुरकुत्या, हे ठरत नसे. दाढीचे पांढरे खुंट त्या खड्ड्यांतून नीट निघत नसत, त्यामुळं गाल कुठं खरखरीत, कुठं गुळगुळीत. तंबाखूचा आणि कडुनिंबाच्या काडीचा वास. लहानपणी गावात देवीची साथ आली तेव्हा त्यांच्या दोन बहिणी गेल्या आणि हे वाचले, एवढी एकच गोष्ट ते त्या वणांबद्दल सांगत, तीही मी फारच मागं लागल्यावर. त्यांचं पलटणीतून सुटल्याचं पुस्तक अजून आमच्याकडं आहे. त्यात ओळखीची खूण म्हणून जी ओळ आहे तिथं इंग्रजीत चेहऱ्यावरचे देवीचे वण लिहिलेत. सरकारनं माणूस ओळखायला जी खूण धरली, बापाला ओळखायला जी लेकीनं धरली, नेमकी तीच ॲपनं पुसली. पुसून वर त्याला ‘सुधारणा’ म्हटलं.

भावाला फोन केला. तो बिचारा खुशीत होता. “क्लीन केलंय ताई. लई डाग होते त्याच्यावर.”

डाग हा शब्द मला दोन-तीन दिवस सोडेना.

मूळ फोटो पोस्टकार्डाएवढा आहे. मधे खुर्चीवर बसलेला एक जवान, त्याच्या दोन्ही बाजूंना उभे दोघं. बसलेल्याच्या मांडीवर हात, त्यातल्या एका बोटात अंगठी. उजवीकडचा पोरसवदा, मिसरूड फुटलेला, कॅमेऱ्याकडं न बघता बाजूला कुठंतरी बघतोय, बहुतेक फोटोवाला जिथून ‘इकडं बघा’ म्हणाला तिथं. डावीकडं आज्जा. इतके ताठ, की पाठीला फळी बांधल्यासारखे. मागं रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि वेली. फोटो तिरका धरून उजेडात हलवला की काळ्या भागांवर, बुटांवर, केसांवर, चांदीसारखी निळसर झाक चमकते. जुन्या फोटोंच्या कागदावर खरीच चांदी असते, वर्षानुवर्षांच्या हवेनं ती पृष्ठभागावर येते, असं नंतर वाचनात आलं. आमच्या घरात सोनं-चांदी म्हणावी अशी एवढीच.

पाठीमागं जांभळा शिक्का आहे, अर्धा पुसलेला. त्यात फोटोग्राफरचं नाव लागत नाही, गाव लागतं, फिरेन्झे. आमच्या काकांनी ते फ्रेंच ठरवून टाकलं होतं आणि ‘आमचे वडील फ्रान्सात लढले’ असं ते सोयऱ्याधायऱ्यांत बिनधास्त सांगत. फिरेन्झे म्हणजे फ्लॉरेन्स, इटलीतलं, हे मला चाळिशी गाठल्यावर कळलं.

तिथवर ते कसे पोचले, याचा पहिला टप्पा घरात सगळ्यांना पाठ आहे. आम्ही तेरणेच्या काठचे, म्हणजे मोगलाईतले, निजामाच्या राज्यातले. सोलापूर इंग्रजी मुलखात. सावकाराचं देणं, दोन वर्षं पीक नाही, आणि सोलापुरात भरती चालू आहे असं बाजारात कानावर आलेलं. एकोणीस-वीस वर्षांचे आज्जा घरात न सांगता एका मालाच्या गाडीबरोबर चालत निघाले. सोलापूर, तिथनं बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. पुढं बोट. १९४३ च्या सप्टेंबरात आठवी हिंदी डिव्हिजन तारांतो बंदरात उतरली, तिच्याबरोबर ते इटलीत. सांग्रो नदी, कॅसिनो गाव, मग १९४४ च्या ऑगस्टात फ्लॉरेन्स आणि पुन्हा डोंगर. याच पलटणीच्या नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते निमजचे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. आज्जांनी त्यांना पाहिलं असेल का, हे विचारायला आता कुणी नाही. युद्ध संपलं तेव्हा हिंदी फौज २५ लाखांच्या वर होती. त्यातला आमच्या वाट्याला आलेला एक.

ते स्वतः लढाईचं काही सांगत नसत. बर्फ आणि चिखल एवढं सांगत. तिथले लोक शेवया खातात, पण त्यात ना दूध ना गूळ, असं नाक मुरडून सांगत. आणि एक शब्द त्यांच्या तोंडी कायम असायचा, दोमानी. दारात उधारीवाला आला, आजीनं छपराचं काम काढलं, आम्ही जत्रेला न्या म्हणून हट्ट धरला, की आज्जा हात हलवून म्हणत, “दोमानी, दोमानी.” आम्हा पोरांना तो उर्दू शब्द वाटायचा. शाळेतल्या एका मैत्रिणीला मी तो उर्दू म्हणून शिकवलाही. इटालियनमध्ये दोमानी म्हणजे उद्या. चार वर्षांच्या लढाईतून त्यांनी वापरण्याजोगी आणलेली ही एकच चीज.

नाही, अजून एक होती. तांब्यासारख्या रंगाचा सहा टोकांचा तारा, मेडल. ते एका पोळ्याला काकांनी बैलाच्या कपाळावर बांधलं, मिरवणुकीत कुठं पडलं ते पडलं. आज्जा रागावले नाहीत म्हणतात. बैल चांगला दिसत होता म्हणाले.

फ्लॉरेन्सबद्दल वाचता वाचता मला एक गोष्ट सापडली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात शहराच्या अलीकडं मॉन्तेगुफोनी नावाच्या गढीत हिंदी सैनिक शिरले, तेव्हा तिथल्या दालनांत उफ्फिझी संग्रहालयातली चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. बॉम्बपासून वाचावीत म्हणून इटलीवाल्यांनी ती आसपासच्या खेड्यांत आणून ठेवली होती. बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ त्यातच. आणि ज्यांनी आयुष्यात कॅलेंडरावरच्या लक्ष्मीपलीकडं चित्र पाहिलं नव्हतं, असे आपल्याकडचे जवान त्या चित्रांच्या पहाऱ्याला उभे राहिले. मला लगेच आज्जा तिथं दिसायला लागले, ताठ, बंदूक घेऊन, पाठीमागं फुलांच्या झग्यातली ती बाई. कशाचा काही पुरावा नाही. पलटणी किती, माणसं किती. तरी दुसऱ्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये मी बोलून गेलेच, “माझे आज्जा होते बरं का तिथं.” बोलले आणि चहा घशात अडकला. भावानं फोटोखाली जे लिहिलं ते अशाच कुठल्यातरी सकाळी, अशाच खुशीत लिहिलं असणार.

त्या ओळीबद्दल थोडं सांगायला हवं. १९४६ साली आज्जा गावी परतले. वर्षभरात देश स्वतंत्र झाला आणि आम्ही मोगलाईतच राहिलो. रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचे दिवस मी आजीच्या तोंडून ऐकलेत. संध्याकाळी दिवा न लावता जेवायचं, आणि पाटीत कायम भाकरीचं पीठ बांधून तयार ठेवायचं. फौजेतून आलेल्या माणसाकडं हत्यार असणार, असा संशय सगळ्यांनाच. म्हणून आज्जांचा गणवेश आजीनं चुलीत घातला, आणि फोटो व ते पुस्तक पत्र्याच्या डब्यात घालून बळदात ज्वारीच्या खाली पुरलं, वर निंबाचा पाला. गावातली निम्मी घरं गाड्या जुंपून सोलापूरकडं गेली. आमची गेली नाहीत, कारण म्हैस व्यायला झाली होती. गावात एक म्हणणं असं की आज्जा रात्री सरहद्दीवरच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात जाऊन पोरांना बंदूक धरायला शिकवत. आजीला विचारलं की ती पदर तोंडाला लावून हसायची. “कशाचं शिकवतेत? म्हशी राखत होते.” आता, आजी लपवत होती, की गाव वाढवून सांगत होतं? दोन्ही शक्य आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या आणि उमरग्याच्या रस्त्यानं रणगाडे गेले, तेव्हा आज्जा दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून होते, एवढं मात्र आजीही सांगायची. पोरं भिऊन पळत होती आणि हे बाजारात आपली विकलेली बैलजोडी दिसावी तसे त्या रणगाड्यांकडं बघत होते.

स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन त्यांनी कधी मागितली नाही. मागितली असती तर मिळाली असती, असं काका म्हणायचे. गावात ज्यांनी मागितली त्यांच्यातही सगळे काही कॅम्पावर नव्हते. हे मोठ्यानं बोलायचं नसतं.

मग तो डबा बळदातून निघून आजीच्या लोखंडी पेटीत आला आणि ४५ वर्षं तिथंच राहिला. १९९३ च्या अनंत चतुर्दशीला रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे चार वाजायच्या आत ते झालं. आमच्याकडं त्याला नुसतं ‘भूकंप’ म्हणतात, साल सांगावं लागत नाही. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. ज्या माळवदावर मी वण मोजले, ते आमच्या घरातल्या दोन माणसांवर आलं. मी तेव्हा लातुरात शिकायला होते. त्या दिवसांबद्दल मी कधी लिहिलं नाही, इथंही लिहिणार नाही. एवढंच सांगते, की चौथ्या दिवशी जवानांनी ढिगाऱ्यातून पेटी काढली तेव्हा ती चपटी झालेली होती. मधल्या काळात कुणीतरी हौसेनं फोटोला काचेची फ्रेम केली होती, ती काच फुटून एक टोक फोटोवरून आडवं फिरलं होतं. उजवीकडच्या पोरसवद्या जवानाच्या खांद्यापासून आज्जांच्या कोपरापर्यंत पांढरी रेघ. आजीनं पदरानं माती पुसली आणि फोटो चोळीत ठेवला. टिनाच्या शेडमधल्या त्या पावसाळी महिन्यांत तो तिथंच होता. घामानं एक कोपरा पिवळा पडलाय तो तेव्हाचा.

ॲपनं ती रेघही भरून काढली होती. शिवण न दिसता.

फोटो जपण्याच्या नावाखाली मी स्वतः काय काय करून बसले, तेही कबूल करते, नाहीतर भावावर सगळं ढकलल्यासारखं होईल. आज्जांचा दुसरा एक फोटो होता, बेळगावचा, एकट्याचा, डोक्यावर टोपी. तो मी नोकरीच्या पहिल्या पगारात लॅमिनेट करून आणला. गरम रुळांतून निघालेलं ते चकचकीत कार्ड बघून मला केवढा अभिमान वाटला होता. आता त्यात हवेचे फुगे आहेत, चेहरा तपकिरी होत चाललाय, आणि प्लॅस्टिक सोलायला जावं तर चेहराच निघून येईल. त्याआधी ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम होते, वर पारदर्शक कागद. त्यात चिकटवलेला आजीचा एकमेव तरुणपणीचा फोटो अजून त्या पानावरच आहे. शहाणपण आलं ते नुकसान झाल्यावर. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. पकडायचा कडेनं. मागं लिहायचं तर बॉलपेननं नाही, मऊ शिसपेन्सिलीनं, अगदी हलकं. माळ्यावर, पत्र्याखाली ठेवायचा नाही. आमच्या मे महिन्यात तिथं पापड भाजतील. कसर कागदाची खळ खाते, तर वाळवी सगळंच. आणि मोबाईलनं फोटोचा फोटो काढून पाठवला की झालं, हा समज सोडायचा. ग्रुपवर गेलेलं चित्र दर वेळी दाबून बारीक होतं, चार घरं फिरून आलं की त्यात डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके राहतात. लातुरात ज्याच्याकडं मी स्कॅनिंगला गेले त्या पोराला मी ६०० डीपीआय, टिफ असं पाठ केलेलं सांगितलं, तर तो म्हणाला, “मॅडम, आधार कार्डाला एवढं लागत नाही.”

मॉनिटरवर आज्जांचा गाल हातभर मोठा झाला. एकेक खड्डा दिसत होता, त्यात साचलेली सावली दिसत होती. मी पोराच्या दुकानात, मागं झेरॉक्सला रांग लागलेली असताना, बोट लावून मोजायला लागले. कॅमेऱ्याच्या बाजूचे अकरा दिसतात.

त्यानंच मागची बाजूही स्कॅन केली, मी सांगितलं नसतानाही. शिक्क्याच्या खाली पेन्सिलीच्या दोन ओळी आहेत, उजवीकडून डावीकडं जाणाऱ्या. घरात त्याला आम्ही ‘आज्जाचं उर्दू’ म्हणत होतो. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतली, आज्जा चौथीपर्यंत शिकले ते उर्दूतच. मराठी त्यांना बोलायला यायची, लिहायला नाही. म्हणजे आमचे वडील-काका मराठी शाळेत, आम्ही सेमी-इंग्रजीत, आणि घरातल्या कर्त्या माणसाची दोन ओळींची चिठ्ठी सत्तर-ऐंशी वर्षं कुणालाच वाचता येत नाही. वाचून घ्यावी असं कुणाला वाटलंही नाही. मलाही नाही.

ओळखीतून एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं गेले. गुरुजी ऐंशीच्या घरातले. स्वच्छ पांढरा झब्बा, टेबलावर भिंग. त्यांनी प्रिंटआउट बाजूला सारलं, मूळ फोटो मागितला, आणि हात धुवून येऊन मगच हातात घेतला. हे मला कुणी शिकवलं तेव्हा मी पन्नाशीला आले होते, त्यांनी न सांगता केलं. बराच वेळ भिंग फिरत राहिलं. मग म्हणाले, “अक्षर कच्चं आहे हं. शाळा सुटलेल्या पोराचं.” आणि वाचलं:

“तीन आदमी, तीन तस्वीरें. पैसे इसने दिए. मेरे देने बाक़ी हैं.”

मी म्हटलं, इसने म्हणजे कुणी? त्यांनी फोटो उलटा केला, सुलटा केला. मधला की उजवीकडचा, कळायला मार्ग नाही. लिहिणाऱ्याला माहीत होतं, त्याच्यासाठी तेवढं पुरे होतं.

मला हसू आलं आणि ते थांबेना. काय काय अपेक्षा धरून गेले होते मी. आईची आठवण, देवाचं नाव, मेलेल्या मित्राचं काही. निघाली उधारी. गुरुजीही हसले, चहा मागवला. मग मी बळदाची गोष्ट सांगितली. हा फोटो रझाकारांच्या वेळी कसा लपवला ते, जरा रंगवूनच. ते ऐकत राहिले. कपातला चहा बशीत ओतून, तो थंड होईपर्यंत थांबून म्हणाले, “बेटी, आमच्या घरात अठ्ठेचाळीसच्या आधीचा एकही फोटो नाही. होते, म्हणतात. माझे वालिद पोलीसपाटलाच्या बाजूला उभे आहेत, असा एक होता.” पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या त्या फौजी कारवाईनंतर, उस्मानाबाद, बिदर, नांदेड, गुलबर्ग्याच्या खेड्यांत मुसलमानांचं काय झालं ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, तिचा अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला, हे मी वाचलेलं होतं. पण ते वाचणं वेगळं आणि समोर एका म्हाताऱ्या माणसाचं बशीकडं बघत बसणं वेगळं. आमच्या गावातल्या कुणाच्या हातून काय झालं, त्या आठवड्यात आज्जा रस्त्याच्या कडेला बसण्याखेरीज काय करत होते, हे मला माहीत नाही. आजीनं ते कधी सांगितलं नाही आणि मी, जिला वण मोजायची एवढी हौस, तिनं विचारलं नाही.

निघताना त्यांनी फोटो पाकिटात घालून दिला आणि पाकिटावर उर्दूत तारीख घातली.

इकडं सतरा सप्टेंबरचा तो रंगीत फोटो गावच्या चौकात फ्लेक्सवर चढला होता. पाच थोर माणसांत सहावे आमचे आज्जा, गुलाबी ओठांचे. भावाशी बोलले. चिडून नाही, पण जरा मास्तरीण होऊन बोलले असेन. तो म्हणाला, “ताई, इंग्रजांच्या फौजेत होते म्हणून लिहायचं का मग? सतरा सप्टेंबरला? लोक काय म्हणतील.” त्याचंही खोटं नाही. या तारखेला आमच्याकडं ज्याच्या घरात सांगण्यासारखं काही आहे त्यालाच मान. दुसऱ्याच्या राजासाठी तिसऱ्याच्या देशात जाऊन पाय बर्फानं सुजवून आलेल्या माणसासाठी कुठली तारीखच नाही. इटलीत फोर्लीला हिंदी सैनिकांची दफनभूमी आणि ज्यांना अग्नी दिला त्यांचं स्मारक आहे. तिथं नावं कोरलेली आहेत, पण ती मेलेल्यांची. जे जिवंत परत येऊन म्हशी राखत बसले त्यांचं काय करायचं, हे कुठल्याच सरकारला सुचलेलं नाही. मी भावाला म्हटलं, फ्लेक्स राहू दे, पाऊस लागला की उतरेलच. ग्रुपवर मात्र मी मूळ फोटो टाकते, दोन्ही बाजू. तो म्हणाला, “टाक की. पण त्यात वण दिसतील.”

टाकला. डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे बारीक होणार नाही. खाली गुरुजींनी वाचलेलं जसंच्या तसं. अंगठे आले चार. आतेबहिणीनं विचारलं, “हे बाकीचे दोघं कोण? यांना क्रॉप करता येईल का?”

वेळ अमावस्येला आम्ही सगळे शेतात जमतो. कुठंही असलो तरी येळवस चुकवायची नाही, एवढा एक नेम घरानं पाळलाय. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव, भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, माठात आंबील. हरभरा कोवळा, ज्वारी कणसात आलेली, वारं गार. जेवणं झाल्यावर मी पाकीट काढलं. सतरंजीवर आत्याच्या मांडीवर आधी धुतलेलं पांढरं फडकं घातलं, हात पुसायला लावले, आणि फोटो कडेनं धरायचा असं दोनदा बजावलं. आत्यानं मान हलवली आणि सरळ अंगठा गालावर ठेवला.

“हां,” ती म्हणाली. “हे अण्णा.”

मी काही बोलले नाही. भाऊ माझ्याकडं बघत होता.

तिला मागचं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. “किती पैसे होते?” मी म्हटलं, लिहिलेलं नाही. “आणि दिले का मग परत?” तेही नाही. ती खुदकन हसली. “कशाचे देतेत. दोमानी म्हणाले असतील.” पोरं हसायला लागली, त्यांना तो शब्द नवीन होता, कुणीतरी तो लगेच आंबील वाढणाऱ्या सुनेवर वापरून बघितला. आत्या मात्र फोटो उलटा-सुलटा करत राहिली. मधल्याच्या अंगठीवरून, त्या पोरसवद्याच्या बाजूला वळलेल्या डोळ्यांवरून तिचा अंगठा फिरत होता आणि मी मनातल्या मनात कडेनं, कडेनं म्हणत होते.

“तीन फोटो काढले म्हनं की गं त्यांनी,” ती म्हणाली. “म्हंजे ह्या दोघाच्या घरी बी असंल एकेक. कुठं असतील काय की त्यांची घरं. त्यांनी काय लिव्हलं असंल पाठीमागं?”